पुसलेली यादी

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. पूर्वी अशा बाकांवर माणसं अनोळख्यांशीही बोलत. आता शेजारच्या मायलेकीच तेवढ्या बोलत होत्या.

"आई, जुनी कंपनी बुडाली. ही नवी आहे. उद्या रुजू व्हायचंय मला."

"साहेब कोण?"

"तेच."

"जागा?"

"तीच. पाटी बदललीय."

"म्हणजे नवरा तोच, नुसता कोट नवा!"

"चेष्टा नको गं. निवडणुकीसाठी लोकांची माहिती चोरली म्हणून केवढा गवगवा झाला. पण सगळ्या याद्या पुसल्या, असं साहेबांनी कोर्टात लिहून दिलंय."

"मग हा मेसेज वाच. सकाळी आलाय, तुझ्या बाबांच्या नावाने. खाली नाव तुझ्या नव्या कंपनीचं."

"'मोकाट कुत्र्यांची भीती वाटते? मग आमच्याच उमेदवाराला...'"

"त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आणि ते कुत्र्यांना भ्यायचे, हे घराबाहेर कुणाला ठाऊक होतं? चारचौघांत कसे छाती काढून चालायचे!"

"मीच लिहिलं होतं. जुन्या कंपनीत, पहिल्याच दिवशी. सरावासाठी कुणाचंही नाव, नंबर आणि भीती भरायला सांगितली होती. नाव बाबांचं घातलं, नंबर तुझा."

"गंमत म्हणून?"

"हो."

"मग काढ आता त्यांना त्या यादीतून."

"पुसलेल्या यादीतून कसं काढणार, आई?"

"मग निदान हा मेसेज तरी पुसते."

"तो मेसेज जपून ठेव. कोर्टात दाखवू."

"आणि उद्याची नोकरी?"

"लहानपणी कुत्रं दिसलं की बाबा माझा हात घट्ट धरायचे. मला वाटायचं, मलाच सांभाळतायत."