श्यामशी अर्धवट राहिलेलं भांडण

...आता तुम्हीच सांगा, कावळ्याचा आणि माझा काय संबंध? उभ्या कर्वेनगरात मी नास्तिक म्हणून प्रसिद्ध! सोसायटीच्या गणपतीची वर्गणी देतो, पण पावतीवर 'मांडवातल्या दिव्यांसाठी' असं लिहून घेतो. तर असा मी, ओंकारेश्वरापाशी घाटावर, भर उन्हात, एका कावळ्यापुढे हात जोडून उभा! आणि मागे सगळे नातेवाईक, 'बोला, बोला' करतायत. देव नाही, हे माझं मत तेव्हाही पक्कं होतं, आजही पक्कं आहे. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा श्यामचा आहे. श्यामसुंदर, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. राहायचा... गेला हो. त्याचाच दहावा होता. सवय जात नाही जिभेची, काय करणार?

तुम्हाला सांगतो, रोज सकाळी आम्ही कॅनॉल रोडला फिरायला जायचो आणि गेटमधून बाहेर पडायच्या आत आमचं सुरू! 'अरे नास्तिका, हे झाड बघ. कुणी केलं हे?' 'महानगरपालिकेनं. खाली पाटी आहे, वाच.' 'आणि त्याचं बी?' 'नर्सरीतून आलं.' 'आणि जगातलं पहिलं बी?' झालं! त्या पहिल्या बीपाशी आम्ही वर्षानुवर्षं अडकलो होतो, ना तो पुढे सरकला ना मी. शनिवारी हा मारुतीला जायचा, तेव्हा मी बाहेर त्याच्या चपला सांभाळत उभा. सगळं विश्व मारुतीच्या भरवशावर, पण चपला मात्र माझ्या! त्याच्या अवनीच्या लग्नाची पहिली पत्रिका कसब्याच्या गणपतीला ठेवायला गेलो, तर रिक्षात कसबा पेठ येईपर्यंत आमचं असं जुंपलं, की रिक्षावाला म्हणाला, 'काका, एकानं उतरा.' कोण उतरणार? दोघंही नाही उतरलो.

आमचा पियुष मला नेहमी विचारायचा, 'बाबा, तुमचा देवावर विश्वासच नाही ना, मग भांडता कशाला? चिल करा ना!' आता या पोराला काय सांगू? अरे, विश्वास असलेल्या माणसाचं बरं असतं. तो सकाळी उठतो, घंटा वाजवतो, देवाला दोन गोष्टी सुनावतो आणि मोकळा होतो. आम्ही कुणाशी बोलायचं? पंख्याशी? आम्हाला श्याम लागतो. देव नाही, पक्कं मत आहे माझं. पण तेसुद्धा ऐकायला कुणीतरी लागतंच ना!

तर तो श्याम... आंघोळ करून पूजेला बसला. गंध उगाळत होता म्हणे. उल्कावहिनी स्वयंपाकघरातून फुलं घेऊन आल्या, तर हा तसाच बसल्या बसल्या भिंतीला टेकलेला. संपलं! लोकांनी येऊन काय म्हणावं? 'काय भाग्य! देवापुढे मरण आलं!' प्रत्येक जण तेच. मी गप्प बसलो. मी! जिथे तोंड उघडायला सगळ्यात मोठी संधी होती, तिथे मी गप्प बसलो.

मग तो दहावा. पिंड ठेवले. समोरच्या झाडावर कावळे हे एवढे, पण खाली एक येईल तर शपथ! गुरुजी म्हणाले, 'इच्छा राहिली असेल काहीतरी, बोला.' अवनी पुढे झाली, 'बाबा, आईला मी बघेन हो.' कावळा ढिम्म. मग वहिनींचे थोरले भाऊ दशरथराव खाकरले, 'श्यामराव, तुमच्या पार्किंगचा तंटा मी सोडवतो.' कावळ्यानं पंख खाजवला. गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, 'दर्भाचा कावळा करून लावू या का?' तशी अवनी रडायलाच लागली, 'नाही, बाबा अडकलेत कशात तरी!' आणि मग, तुम्हाला सांगतो, सगळ्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. दशरथराव म्हणतात, 'अहो, तुमचंच भांडण राहिलंय अर्धवट. एकदा म्हणून टाका, देव आहे.'

म्हणून टाका! हे काय हवापाण्याचं बोलणं आहे? जन्मभर जे म्हटलं नाही, सख्ख्या आईपुढे म्हटलं नाही, ते कावळ्यापुढे म्हणून टाका? पण त्या पोरीचा चेहरा बघवेना हो. जोडले हात. म्हटलं, 'श्याम... आहे बाबा देव. तुझंच खरं.'

कावळ्यानं पाठ फिरवली. खरंच! शेपूट माझ्याकडे!

मग मात्र माझं डोकं फिरलं. इतक्या माणसांत माझी शोभा केलीस, आणि तरी येत नाहीस? ओरडलोच मी, 'बघितलंस? नाहीये कुणी वर! मी सांगत होतो, नाहीये! असेल तर ये खाली आणि सिद्ध कर, गप्प काय बसलायस! बोल की, श्याम, बोल की...' आणि मला पुढचं बोलता येईना. तेवढ्यात फडफड झाली. कावळा आला, पिंडात चोच घातली आणि गेला.

'आले! आले!' एकच कल्लोळ. कुणी माझ्या पाया पडतंय! अहो, ऊन वाढलं होतं, माणसं मागे सरली होती, कावळ्याला भूक लागली होती. योगायोग. निव्वळ योगायोग! पण मुद्दा तो नाही.

मुद्दा पुढेच आहे. तेरावा झाला, पाहुणे गेले, अवनीसुद्धा हिंजवडीला तिच्या घरी गेली. सकाळी फिरायच्या वेळेला माझे पाय आपोआप समोरच्या दाराशी. वहिनींनी चहा दिला. बघतो तर देव्हाऱ्याचं दार बंद. म्हटलं, 'वहिनी, सुतक फिटलं ना?' तर कप बशीत ठेवत शांतपणे म्हणाल्या, 'भाऊजी, तुम्ही जिंकलात. नाहीये कुणी. अहो, समोर बसून माणूस त्याच्यासाठी गंध उगाळत होता. आणि असता, तर तो नुसता बघत बसला असता?'

हा मुद्दा मला उभ्या जन्मात सुचला नव्हता! इतका बिनतोड मुद्दा, आणि मला तो खोडून काढावासा वाटला! कारण माझं ठीक आहे हो, मी कॉलेजात असल्यापासून बिनदेवाचा राहतोय, मला सवय आहे. या बाईनं पासष्टीला नास्तिक होऊन करायचं काय? दिवा नाही, फूल नाही, उपास नाही... उपास नाही म्हणजे रोजच उपास, जेवतच नाहीत धड! आदळआपट करायला, जाब विचारायला समोर कुणी नाही. नवरा गेला आणि पाठोपाठ तोही गेला. एका घरातून दोन माणसं उठली हो एकदम!

तर आता मी रोज सकाळी समोर जातो. भांडायला. 'वहिनी, पहिलं बी कुठून आलं, सांगा!' 'आलं असेल कुठूनतरी.' 'अहो, मग तो कावळा? नेमका तेव्हाच कसा आला?' 'भूक लागली असेल.' एवढंच! पुढे वाक्य नाही. श्याम हेच मुद्दे मांडायचा तेव्हा मला घाम फुटायचा, आणि मी मांडले की कसे पोकळ वाजतात! काल तर म्हणाल्या, 'भाऊजी, राहू द्या, तुमचाही विश्वास नाही त्यावर.' म्हटलं, 'नसेना! तुम्ही आधी दोन घास खा, मग उत्तर द्या.' खाल्ली अर्धी पोळी. तेवढ्यावर उद्याचं भांडण ठरवून आलोय.

पियुष हसतो. 'बाबा, तुम्ही पार्टी बदलली की काय?' बदलली नाही रे. देव नाहीच आहे. पण त्याच्या बाजूनं भांडणारा एकुलता एक माणूस गेला, आता कुणीतरी उभं राहायला नको?