शेजारचं डोनटचं दुकान

(मेम्फिस शहर. शनिवारची सकाळ, व्हर्लीनचं स्वयंपाकघर. टेबलावर डोनटचा खोका. मुलगी शॉन्ड्रा अजून बसलेली नाही.)

व्हर्लीन : घे की तो फोन. मघापासून टेबल थरथरतंय.

शॉन्ड्रा : विमावाले असतील. तू हे बघ, आई. वाचायचंही काही नाही, शेवटच्या पानावर फक्त सही.

व्हर्लीन : विमावाले? शनिवारी, आठच्या ठोक्याला?

शॉन्ड्रा : झालं. उघडली तुझी कचेरी.

व्हर्लीन : अगं, वीस वर्षं त्या वकिलांच्या कचेरीत फोनापाशी बसले मी. वसुलीवाल्यांना आठच्या आधी फोन करायची बंदी, म्हणून आठ वाजले की नुसते सुटायचे. दिवाळखोरीसाठी आलेल्या प्रत्येकाला प्रुइट वकील सांगायचे, आता आमचा नंबर द्या आणि निवांत झोपा. मग ती सगळी पीडा माझ्या कानाशी. एक ड्वेन होता, ओहायोतून बोलायचा. आधी अंगावर यायचा, पुढे पुढे मला तब्येत विचारायला लागला. आणि एक दिवस हळूच म्हणतो, बाई, तुमचे वकील फी किती घेतात?

शॉन्ड्रा : शंभरदा ऐकलंय. सही कर ना.

व्हर्लीन : बस आधी. येरझाऱ्या घालून माझी फरशी झिजवू नकोस. कसली सही?

शॉन्ड्रा : कर्जाला जामीन. सगळी क्रेडिट कार्डं फेडून टाकायची, मग एकच हप्ता. तुझ्या घराला काही होत नाही. मी फेडणार आहे.

व्हर्लीन : सगळेच फेडणार असतात. एक बाई होत्या. नाव नाही सांगणार.

शॉन्ड्रा : तू कधीच सांगत नाहीस.

व्हर्लीन : तिथलं नाव दाराबाहेर काढायचं नाही, हा नियमच होता. तर त्यांचा मुलगा आला आमच्याकडे. कोर्टानं त्याचं कर्ज माफ केलं, तो सुटला. जामीन होती आई. वसुलीवाले तिच्या मागे. वर्ष झालं नाही तो त्याच खुर्चीवर ती बसलेली. मुलगा वाईट नव्हता गं. सही करताना हिला त्याची दया आली, एवढंच.

शॉन्ड्रा : डोनट तरी खा.

व्हर्लीन : डोनट म्हटलं की तेच आठवतं बघ. आमच्या दारात कुणी गाडी लावायचंच नाही. पॉप्लर रस्त्यावरून चर्चची माणसं जातात, बघतील ना. मग लावा शेजारच्या डोनटवाल्याकडे. कुणी पाहिलंच तर निमित्त हवं, म्हणून खोकाभर घ्यायचे. आत आल्यावर एकालाही घास उतरायचा नाही, खोका माझ्या टेबलावर. आम्ही बायका अशा फुगलो की साहेबांनी खुर्च्या बदलून घेतल्या.

शॉन्ड्रा : आणि सगळे म्हणायचे, चुलतभावासाठी विचारतोय. पाठ आहे मला.

व्हर्लीन : काही तर आतही यायचे नाहीत. गाडीतच बसायचे, खोका मांडीवर घेऊन. मला खिडकीतून दिसायचे. थोड्या वेळानं निघून जायचे. त्यांचंच मला जास्त वाईट वाटायचं.

शॉन्ड्रा : मग बाहेर जाऊन बोलवायचंस.

व्हर्लीन : गेले होते एकदा. तो बिचारा इतका घाबरला की गाडी नेऊन कचऱ्याच्या पिंपावर घातली. शॉन्ड्रा, तुझ्या घरून इकडे यायला पॉप्लर रस्ता लागत नाही.

शॉन्ड्रा : काय संबंध?

व्हर्लीन : खोक्यावरचं नाव मी दार उघडलं तेव्हाच वाचलं.

शॉन्ड्रा : तिथले चांगले असतात म्हणून आणले.

व्हर्लीन : तिथले दगड असतात. वीस वर्षं खाल्लेत मी. कितीदा गेलीस?

शॉन्ड्रा : परवा. काल. आज तर कचेरी उघडलीही नव्हती.

व्हर्लीन : मार्कसची कार्डं?

शॉन्ड्रा : तो मला सोडून गेला, कार्डं माझ्या नावावर राहिली. मग किराणाही त्यांच्यावरच सुरू झाला. आई, तुझ्या खिडकीत आता एक पोरगी बसते. ती आडनाव विचारणार. व्हर्लीनची मुलगी, म्हणणार.

व्हर्लीन : राग आलाय मला तुझा. कर्जाचा नाही. परक्या माणसांना मी रोज सांगत होते, यात लाजण्यासारखं काही नाही. आणि माझ्याच पोरीला ते ऐकू गेलं नाही.

शॉन्ड्रा : ऐकू येईल कसं? तू घरी यायचीस आणि कुणाचं नाव निघालं की तोंड मिटून घ्यायचीस. चर्चमध्ये तिथलं कुणी समोर आलं की तू नजर फिरवायचीस. लहानपणी मला वाटायचं, एवढं लपवतात म्हणजे काहीतरी फार वाईटच असणार.

व्हर्लीन : त्यांच्यासाठी करायचे गं मी ते.

शॉन्ड्रा : माहितीय. मला तेव्हा नव्हतं माहीत.

व्हर्लीन : हं.

शॉन्ड्रा : सही नाही करणार ना?

व्हर्लीन : नाही. ते कागद पर्समध्ये टाक आणि माझे बूट दे इकडे. कचेरी शनिवारी नऊला उघडते.

शॉन्ड्रा : तू येणार? तुला तर तिथलं सगळं गाव ओळखतं.

व्हर्लीन : ओळखू दे. आणि गाडी डोनटवाल्याकडे नको, बरोबर दारासमोर लाव.

शॉन्ड्रा : रस्त्यावरून दिसेल, आई.

व्हर्लीन : दिसू दे. माझ्या बाजूची काच खाली करून ठेव.