टाटपट्टीवरची जागा

शिकवणाऱ्याने शिकत राहावे, हे सांगणे सोपे. परंतु वडीलधाऱ्याने ते लहानापाशी मागणे कठीण. चौऱ्याऐंशी साली सौंसरच्या बसस्थानकावर निवृत्तीला आलेले शालिकराम गुरुजी बोरगावात शिक्षिका झालेल्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीला विचारत होते.

"यमुना, सोमवारी तुह्या वर्गात बसू देशीन?"

"तपासाले का, गुरुजी?"

"शिकाले. तुही पोरं प्रश्न विचारतेत म्हने. मी येत्या दिवाळीले रिटायर होऊन राहिलो. मले आजवर एकानंबी विचारला नाही."

"तुमची छडी पाहून कोन विचारन? मीबी भेत होती."

"छडी घरी ठेवतो."

"मांगं पोरायसंगं खाली टाटपट्टीवर बसा लागन. पोरं पयले विचारतीन, हा बुढा कोन?"

"विचारू दे, बाई. तेवढा तरी प्रश्न ऐकाले भेटन."

सरस्वती त्या वर्गातील लहानथोर सर्व विद्यार्थ्यांचे कल्याण करो.