बाईंचा फळा आणि पोरांची साखळी

समारंभाचे अध्यक्ष, आपले मुख्याध्यापक श्री. पोलिक्रोनिस, व्यासपीठावर विराजमान शिक्षण सल्लागार श्री. थ्रासीवुलोस, सत्कारमूर्ती, आपल्या इंग्रजीच्या एव्हान्थियाबाई, वोलोसकर पालकहो, सहकाऱ्यांनो, आणि मागच्या रांगांतल्या माझ्या वात्रट विद्यार्थ्यांनो,

मी गणिताचा मास्तर. "दोन गोड शब्द बोला आणि खाली बसा," असं अध्यक्षांनी बजावलंय. गोडाचं काम नंतरची बाकलावा मिठाई करील. मला राग आलाय, आणि तो गिळून निरोप देणं मला जमायचं नाही.

बाई म्हणे स्वखुशीने नोकरी सोडताहेत! कसली खुशी? सल्लागारसाहेब एका वर्गात बसले, तोही हुशारांचा. मुलांनी इंग्रजी गोष्ट वाचून व्याकरणाचा नियम आपला आपण शोधला. साहेब खूश! लगेच हुकूम सुटला: यापुढे फळ्यावर नियम लिहायचा नाही, मुलांना कंटाळा येतो. अहो, कुठल्या मुलांना? विचारलंत कुणाला?

आमची स्तमातिना सांगते, "सर, गोष्टीतनं पहिल्या बाकावरचेच शोधतात, आम्ही नुसतं हो ला हो करतो. बाईंनी फळ्यावर मांडलं की मलापण हात वर करता येतो." शेजारचा आर्गिरिस म्हणतो, "मला तर फळा बघूनच झोप येते!" बाई दोघांनाही सांभाळायच्या, त्याला गोष्ट, हिला नियम. आता फळा गेला. ज्यांना परवडतं ती मुलं संध्याकाळी खासगी शिकवणीला जातात, तिथे तोच नियम फळ्यावर असतो! बाकीच्यांनी काय करायचं, साहेब?

गेल्या महिन्यात पोरांनी आपल्या ग्रीसमधल्या दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे मागण्यांसाठी शाळा ताब्यात घेतली, फाटकाला साखळी घातली. मागण्या नेहमीच्या: वर्गात ऊब हवी, संडासाला कड्या हव्यात. एक मात्र नवी: बाईंना त्यांच्या पद्धतीने शिकवू द्या. आम्हा सगळ्या शिक्षकांना फाटकाबाहेर थंडीत कुडकुडत ठेवून पोरांनी एकट्या बाईंना आत घेतलं. बंद शाळेत व्याकरणाचा तास! आर्गिरिससुद्धा जागा होता. अध्यक्षमहोदय, तुम्ही त्या मागणीला पोरखेळ म्हणालात. दुसऱ्याच दिवशी बाईंनी राजीनामा दिला.

बाई, डोळे पुसा. त्या राजीनाम्यावर साहेबांची सही अजून व्हायची आहे. आणि मघाशी मागे खडखडाट झाला, तो खुर्च्यांचा नव्हता. पोरांनी सभागृहाच्या दाराला साखळी घातली आहे. एरवी आपल्याला बाहेर ठेवतात, आज आत ठेवलंय. स्तमातिनाचा निरोप आहे: साहेबांनी आमच्यात बसून आम्हाला एकदा विचारावं, मग उघडतो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. साहेब, मागच्या रांगेत आपल्यासाठी खुर्ची ठेवली आहे.