छातीच्या गोळ्या

द्वारका चौकाजवळच्या मानसिक आजारांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या सुवर्णाला शेजारच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

“धडधड गेली ना? मग आता इथल्या गोळ्या बंद. छातीवाल्या डॉक्टरच्याच घे.”

“त्यांनी काय फरक पडला? या गोळ्या लागू झाल्या, तवा कुठं मेथीच्या जुड्या बांधताना हात थरथरायचा थांबला.”

“छातीचं दुखणं म्हणलं तर लोक भेटायला येतात. इथलं कळलं तर आपल्या तेजलची सोयरीक मोडंल.”

“आन् परत जीव घाबरा झाला तर?”

“घरातल्या घरात ऱ्हाईल.”

“मंग मलाच कोंडून ठेवा की घरात.”

“हळू बोल. लोक ऐकतील.”

दारातून नर्सनं विचारलं, “सुवर्णा कोण आहे?”

सगळ्यांबरोबर सुवर्णाही मान वळवून इकडेतिकडे पाहू लागली.