गुरुवारचं गिऱ्हाईक

भागवत : टेकू नका साहेब, त्याच्यावर टेकू नका! तुमचाच हाये म्हणा, पर वाळवी लागू नये म्हून कालच जळक्या ऑइलचा हात दिल्ता. पँट जाईल.

अवधूत : ‘माझा’ असे आपण किती सहज म्हणता. मी तर हा ओंडका आज प्रथमच पाहतो आहे.

भागवत : त्यो तुमाला वळखतो. नाक शरदचंद्र मास्तराचंच हाये तुमचं.

कल्याण : बापू, लाकूड कसं वळखंल माणसाला?

भागवत : तू गप. तुझ्या लग्नाची पहिली पत्रिका कुणाला दिल्ती?

कल्याण : यालाच. खोटं कशाला बोलू, सर! पाकिटावर तुमच्या आजोबांचं नाव टाकलं अन् नेऊन याच्यावर ठेवलं. माझी बायको सुरेखा अजून याच्या समोरून डोक्यावर पदर घेऊन जाते. घरात सांगितलंय, मोठा दीर समज म्हून.

अवधूत : कल्याणराव, फोनवर आपण म्हणालात, आजोबांचे एक काम टेंभुर्णीत राहून गेले आहे. मला वाटले, घराचा एखादा कागद असेल.

कल्याण : कागद कशाचा, सगळं तोंडी हाये. मास्तर इथल्या शाळेत होते तव्हाची गोष्ट. बैलगाडीत हा सागाचा ओंडका घालून आल्ते. आमच्या आजोबांना, बापूंच्या वडलांना, रखमाजींना म्हणले, “गुरुवारी येतो, माझ्यासमोर कापा.” अन् गेले.

अवधूत : मग?

भागवत : मंग काय. गुरुवार आला.

अवधूत : आणि आजोबा?

भागवत : गुरुवारच आला.

अवधूत : तेव्हाच कापून त्याच्या फळ्या रचून ठेवायच्या होत्या.

भागवत : मालक समोर नसताना? आमच्यात तसं चालत न्हाई, साहेब. माझ्या आज्याच्या वक्ताला मशीन नव्हती. एक माणूस वर, एक खड्ड्यात, मधी करवत. तव्हा कुणीतरी आळ घेतला, माझं साग ठेवून घेतलं अन् बाभळ दिली. त्या दिवसापासून मालक उभा असल्याबिगर लाकडाला पातं लागत न्हाई. दादानं, माझ्या बापानं, मशीन आणली, मी मोटर बसवली, पर हे बदललं न्हाई.

कल्याण : मंग ऐका पुढचं. वखार जुन्या बाजारातून इथं आणली, तव्हा मशीनच्या आधी हा गाडीत बसला. भिंती याच्या भवताली बांधल्या. आता याला बाहेर काढायचं म्हणलं तर भिंत पाडावी लागते. अन् गुरुवारी दुपारपत्तर दुसऱ्या कुणाचं लाकूड घ्यायचं न्हाई, मास्तर आले तर? गाव म्हणतं, यांच्या मशीनला गुरुवारचा उपास असतो.

अवधूत : आज गुरुवारच आहे.

कल्याण : दुसऱ्या वारी बापू तुमाला भेटायलाच तयार नव्हते.

अवधूत : तरीही, इतक्या वर्षांनी माझा शोध कशासाठी?

कल्याण : बापू, तुमी सांगता का मी सांगू?

भागवत : तूच सांग. तुलाच घाई हाये.

कल्याण : सर, आता साग कोण कापून घेऊन राह्यलं? लोक तयार दारं आणतात. मी जाफराबादला प्लायवूडचं दुकान टाकतोय, गाळा बघून ठेवलाय. परतूरचा माणूस मशीन न्यायला आज सांजच्याला टेम्पो घेऊन येतोय. पर बापूंनी घातली एकच अट. पदरात घेतलेली कामं उरकल्याबिगर मशीन हलवायची न्हाई.

अवधूत : आणि उरलेली कामे किती?

कल्याण : तुमी त्याच्यावरच टेकत होता.

अवधूत : म्हणजे मी हे कापून घेतले, की...

कल्याण : की सुटलो आमी.

भागवत : ‘आमी’ नको म्हणू. तू सुटशील.

कल्याण : बरं, मी. तुमी शब्द दिलाय ना, बापू?

भागवत : दिलाय. फिरवला का? काल दिवसभर बसून पात्याला धार लावली ती कशासाठी? मास्तराच्या कामात माझा हात कमी पडला, असं कुणी म्हणायला नको. सांगा साहेब, काय करायचं ह्याचं? मास्तर तेवढं बोलले नव्हते.

अवधूत : ते बोलूच शकले नसते. त्यांचे आणि उमाआजीचे ते भांडण कधी मिटलेच नाही. आजोबांना लिहिण्यासाठी टेबल हवे होते, आजीला देव्हारा. दर गुरुवारी आजोबा टोपी घालून दारातल्या खुर्चीत बसत. आजी स्वयंपाकघरातून विचारी, “मग, काय ठरले?” आजोबा म्हणत, “टेबल.” आजी म्हणे, “मग जाऊ नका.” थोड्या वेळाने टोपी खुंटीवर जाई आणि चहा होई. बदली झाली, घर बदलले, शहर बदलले, तरी गुरुवारची ती टोपी चुकली नाही. मी लहानपणी समजत असे, टेंभुर्णी ही जाण्याची जागाच नाही. नुसती निघण्याची आहे.

भागवत : म्हंजे मास्तर निघत होते.

अवधूत : दर गुरुवारी.

भागवत : ऐकलं का, कल्याण? निघत होते. दादा हेच म्हणायचे, निघाला असंल, वाटंत असंल. अन् तुमी सगळे हसत होता.

कल्याण : बापू, दारातल्या खुर्चीत बसणं म्हंजे निघणं नव्हं!

भागवत : टोपी घातली होती ना? मंग?

कल्याण : सर, ते जाऊ द्या. टेबल म्हणा, न्हाईतर देव्हारा म्हणा. अर्धं-अर्धं करा, बिलकुल हरकत न्हाई. मी बटन दाबतो. बापू, धरा तिकडून.

(आरा सुरू होतो. ओंडका गाड्यावर चढवला जातो. भागवत सदऱ्याच्या बाह्या सारख्या करून पात्यापाशी उभा राहतो.)

अवधूत : बापू! आपण सदरा नवा घातला आहे.

भागवत : गिऱ्हाईक यायचं असलं की घालतो! दर गुरुवारी!

अवधूत : आणि हे काम झाल्यावर गुरुवारी काय कराल?

भागवत : काय म्हणले? आवाजात ऐकू येत न्हाई!

अवधूत : म्हटले, पुढच्या गुरुवारी काय कराल?

भागवत : पुढच्या... पुढचा गुरुवार बाकीच्या वारासारखाच असंल की, साहेब. बोला लौकर, कुठून लावू पातं?

अवधूत : बंद करा.

कल्याण : काय?

अवधूत : यंत्र बंद करा, कल्याणराव. माझे अजून ठरलेले नाही. (आरा थांबतो.)

कल्याण : ठरवायचं काय हाये त्यात! लाकूड हाये सर, नवरी न्हाई!

अवधूत : नवरीचाच प्रश्न आहे. माझा विवाह ठरला आहे. मधुवंतीला काय हवे, ते मी विचारलेलेच नाही. तिला टेबल नको असेल, देव्हाराही नको असेल. झोपाळा हवा असेल.

कल्याण : लावा ना मंग फोन! रेंज फुल हाये. हा घ्या, माझ्या फोनवरून लावा!

अवधूत : असल्या गोष्टी फोनवर ठरत नाहीत. आमच्या घरात तर समोरासमोर बसूनही ठरल्या नाहीत.

कल्याण : अहो, अन् टेम्पोवाल्याला मी काय सांगू?

भागवत : सांग, काम हातात हाये.

कल्याण : बापू, तुमी हसून राह्यले.

भागवत : भुसा गेला डोळ्यात. साहेब, मंग कसं करायचं?

अवधूत : कल्याणरावांनी दुकान अवश्य टाकावे, मी उद्घाटनाला येईन. माझे काम मात्र आपल्याकडेच राहू द्या, बापू. मी... मी गुरुवारी येतो. माझ्यासमोर कापा.

भागवत : बराबर. या, साहेब. दुपारपत्तर दुसरं गिऱ्हाईक घेत न्हाई मी.

कल्याण : कोणत्या गुरुवारी, सर? ओ सर! तेवढं तरी सांगून जा!

भागवत : ते आपण इचारत नसतो, कल्याण. ये, त्या बाजूनं हात लाव. जागेवर ठेवू त्याला.