मोडनिंबला उघडलेला डबा

(महेश्वरी मोडनिंबच्या हायवेवर, बंद पडलेल्या एसटीजवळ. फोनवर तिचा नवरा सिद्धप्पा, सोलापुरात घरी. शेजारी त्याची आई शिवबाई, घरच्यांची अव्वा. फोनचा स्पीकर चालू.)

सिद्धप्पा : अगं, डबा उघडू नको! पुण्याच्या दुकानदारासाठी केलेली कमी तिखट चटणी हितंच राहिली. मी घरातली शेंगा चटणी तुझ्या पिशवीत कोंबली!

महेश्वरी : उघडला की केव्हाच! संपत पण आला.

सिद्धप्पा : मग दुकानदाराला काय दाखवणार? कप्पाळ?

महेश्वरी : कुठला दुकानदार! गाडी बंद, मागून येणाऱ्या सगळ्या फुल्ल. तो म्हणाला, चारपर्यंत आला नाहीत तर माल दुसरीकडून घेतो.

सिद्धप्पा : गेलं म्हणजे सगळं. महिनाभर राबलीस गं.

महेश्वरी : रडूच आलं हो मला. पण शेजारच्या आजी उपाशी होत्या, म्हटलं घ्या कडक भाकरी. चटणी खाल्ली, हाऽऽ हाऽऽ केलं, पाणी प्याल्या, आणि परत हात पुढं! मग कंडक्टर, मग अख्खी गाडी. आता ट्रकवाले पण थांबलेत!

शिवबाई : आन रं फोन हिकडं. महेश्वरी, माज्या उखळातली चटणी ती?

महेश्वरी : तुमचीच, अव्वा!

शिवबाई : मग! मिळमिळीत कुटनार न्हाई म्हनले, तर चार दिस तोंड फुगवून बसलीस की माज्यावर.

महेश्वरी : भांडू नंतर, आधी ऐका तरी! इथले चहावाले जोतिराम म्हणतायत, माझ्या टपरीवर रोज ठेवा!

सिद्धप्पा : मोडनिंबला? ना धड पुणं, ना धड सोलापूर. तिथं कोण थांबतंय?

महेश्वरी : सगळेच थांबतात की! चहाला, पंक्चरला. वाटेतच तर भूक लागते माणसाला!

सिद्धप्पा : आणि नाही चाललं तर?

महेश्वरी : तर नाही चाललं! पण अहो, आज एकानं सुद्धा म्हटलं नाही, ताई, तिखट कमी करा. लई बरं वाटलं मला! अव्वा, रोज कुटाल का?

सिद्धप्पा : अव्वा उठून आत गेली.

महेश्वरी : रागावल्या काय? थांबा, पुण्याची गाडी आली. जागा आहे म्हणतायत.

सिद्धप्पा : मग चढ की! चारच्या आत पोचशील अजून. डब्यात उरलीय तेवढीच दाखव.

महेश्वरी : पलीकडून सोलापूरची पण येतेय. अहो, अव्वांना विचारा ना, काय करू?

शिवबाई : (आतून ओरडून) मला काय इचारतीस? मी शेंगा भाजाया टाकल्यात.